कॅलिफोर्नियातील ॲडल्ट डे प्रोग्रॅमची वार्षिक परवाना तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कॅलिफोर्नियात प्रौढांसाठी दिवसाचे सेंटर चालवणाऱ्या, तिथे नोकरी करणाऱ्या आणि आई-वडिलांना अशा सेंटरवर पाठवणाऱ्या मराठी लोकांसाठी आहे. खाली ‘लायसन्सिंग’ म्हटले आहे ते कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ सोशल सर्व्हिसेसच्या कम्युनिटी केअर लायसन्सिंग डिव्हिजनला. फॉर्म सेंटरमध्ये ज्या क्रमांकाने ओळखले जातात त्याच क्रमांकाने दिले आहेत.

‘डे केअर’ तर सगळेच म्हणतात. आमच्या सेंटरला नेमकं कोण तपासतं?

आधी परवान्यावरचे नाव वाचा. परवाना ‘ॲडल्ट डे प्रोग्रॅम’चा असेल, तर तो लायसन्सिंगने दिलेला असतो आणि हे पान तुमच्यासाठी आहे. १८ वर्षांवरील व्यक्तींना चोवीस तासांपेक्षा कमी वेळ देखरेख आणि रोजच्या कामांत मदत देणारी ही सेंटर्स. नियम कॅलिफोर्नियाच्या नियमसंहितेतील टायटल २२, डिव्हिजन ६, चॅप्टर ३ मध्ये आहेत. कलमांचे आकडे ८२०००पासून सुरू होतात.

परवाना ‘ॲडल्ट डे हेल्थ केअर’चा असेल, तर घर वेगळे. तिथे नर्स, थेरपिस्ट असतात, तो आरोग्य परवाना आहे आणि तो कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ पब्लिक हेल्थ देते. मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या राज्याच्या आरोग्य योजनेचे, पैसे घेणाऱ्या अशा सेंटरला त्याशिवाय डिपार्टमेंट ऑफ एजिंगकडून ‘सीबॅस’चे (कम्युनिटी-बेस्ड ॲडल्ट सर्व्हिसेस) सर्टिफिकेशन घ्यावे लागते. सीबॅस योजना १ एप्रिल २०१२ रोजी सुरू झाली. बाहेरून दोन्हीकडे दृश्य सारखेच दिसते: सकाळी व्हॅन येते, आजी-आजोबा उतरतात, चहा, व्यायाम, जेवण. तपासणीचे नियम मात्र एकमेकांना लावता येत नाहीत, आणि ओळखीच्या सेंटरकडून आणलेली ‘चेकलिस्ट’ बरेचदा दुसऱ्याच प्रकारच्या परवान्याची निघते.

तपासणी किती वेळा होते? आधी फोन येतो का?

नेहमीची तपासणी वर्षातून एकदा आणि न कळवता. फोन येत नाही, येणे अपेक्षितही नाही. परवान्याला संपण्याची तारीख नसते, दरवर्षी शुल्क भरत राहायचे असते. त्यामुळे ‘नूतनीकरणाच्या वेळी येतील’ हा हिशेब इथे चालत नाही.

वार्षिक तपासणीखेरीज आणखी भेटी असतात: परवान्याआधीची, पहिले क्लायंट आल्यानंतरची, तुम्ही कळवलेल्या एखाद्या घटनेबद्दलची, आधीची त्रुटी सुधारली का हे पाहण्याची आणि तक्रारीची. तक्रार आली तर लायसन्सिंगला साधारणपणे १० दिवसांच्या आत प्रत्यक्ष यावे लागते. आलेल्या व्यक्तीला पहिल्याच मिनिटाला विचारा, ‘ही कोणत्या प्रकारची भेट आहे?’ उत्तर देणे त्यांच्या कामाचाच भाग आहे.

दारात आलेल्या तपासनिसाला ‘आज मॅडम नाहीत, उद्या या’ म्हणता येईल का?

नाही. ओळखपत्र दाखवल्यावर त्यांना कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेसह किंवा त्याशिवाय, आत येण्याचा, जागा पाहण्याचा, कागद तपासण्याचा आणि क्लायंट व कर्मचाऱ्यांशी एकांतात बोलण्याचा अधिकार आहे. प्रवेश नाकारणे हीच तात्काळ दंडाची बाब आहे. ओळखपत्र नीट पाहणे, भेट देणाऱ्यांच्या वहीत नोंद करायला सांगणे हे तुमचे हक्काचे; पण तिथेच थांबा.

प्रशासक नसेल तेव्हा जबाबदार कोण, हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते. अडचण इथे होते: कागदावर नेमलेल्या व्यक्तीला फायलींच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे माहीत नसते. कर्मचाऱ्यांच्या फायली कुलुपात ठेवणे बरोबरच आहे, पण ते कुलूप उघडू शकणारे एक तरी माणूस सेंटर चालू असताना हजर हवे. फाईल दाखवता आली नाही तर ती ‘नाही’ असे धरले जाऊ शकते.

भेटीचा क्रम कसा असतो?

तपासनिसाचे हुद्द्याचे नाव लायसन्सिंग प्रोग्रॅम ॲनालिस्ट. सगळे त्यांना ‘एलपीए’ म्हणतात. साधारण क्रम असा: ओळख आणि भेटीचा हेतू, मग संपूर्ण जागेची फेरी, त्या क्षणी किती क्लायंट आणि किती कर्मचारी हजर आहेत याची मोजणी, मग काही फायली निवडून तपासणे, मुलाखती, औषधांची नोंद, शेवटी अहवाल तयार करून समारोपाची चर्चा. फेरी आधी होते यालाही कारण आहे. चालताना दिसलेला वॉकर नंतर फाईलमध्ये शोधला जातो.

तपासणीचा गाभाच हा आहे. भिंतीवरचा परवाना, फाईलमधला कागद आणि त्या दिवशी खुर्चीत बसलेला माणूस, या तिघांचा मेळ बसतो का? बहुतेक सायटेशन्स, म्हणजे नियमभंगाच्या लेखी नोंदी, तिथेच निघतात.

काय विचारणार, ते आधी कळू शकतं का?

हो, आणि लोक हे वापरत नाहीत याचे आश्चर्य वाटते. लायसन्सिंगची तपासणी साधने ‘केअर टूल्स’ या नावाने विभागाच्या संकेतस्थळावर खुली आहेत. जागा व सुरक्षितता, कर्मचारी, क्लायंटच्या नोंदी, हक्क, जेवण, औषधे, आपत्तीची तयारी अशा भागांत प्रश्न मांडलेले असतात आणि प्रत्येकापुढे कलम दिलेले असते. आपल्या प्रकारच्या परवान्याचे साधन उतरवून घ्या आणि वर्षातून दोनदा स्वतःच स्वतःची तपासणी करा. ती सेंटरच्या प्रमुखाने न करता कुणा दुसऱ्याने करावी. रोज पाहून सवय झालेल्या डोळ्यांना दारामागे रचलेल्या खुर्च्या दिसत नाहीत.

कोणते कागद लगेच दाखवता यायला हवेत?

परवाना तर दर्शनी जागी लावलेलाच हवा. ज्यांच्या परवान्यावर क्षमता ७ किंवा अधिक आहे त्यांनी क्लायंटच्या वैयक्तिक हक्कांचा फलकही लावायचा असतो. बाकीचे एका फोल्डरमध्ये: क्लायंटची यादी एलआयसी ९०२०, कर्मचाऱ्यांचा तक्ता एलआयसी ५००, आपत्ती योजना एलआयसी ६१०, सरावांची नोंद, जागेचा नकाशा एलआयसी ९९९, कामकाजाचा आराखडा, मागच्या भेटींचे अहवाल आणि पाठवलेल्या घटना-अहवालांच्या प्रती.

एलआयसी ५०० मध्ये सोडून गेलेल्यांची नावे आणि जुने वेळापत्रक राहून जाते. तपासनीस तो तक्ता हातात घेऊन हजर माणसांशी ताडून पाहतात. बदल झाला की त्याच दिवशी नवीन छापा.

क्लायंटच्या फाईलमध्ये काय असावं?

ओळख व आपत्कालीन संपर्क (एलआयसी ६०१), डॉक्टरांचा अहवाल (एलआयसी ६०२), गरजा आणि सेवांचा आराखडा (एलआयसी ६२५), उपचारांची संमती (एलआयसी ६२७), सही केलेले वैयक्तिक हक्क (एलआयसी ६१३) आणि प्रवेशाचा करार. क्लायंटचे पैसे तुम्ही सांभाळत असाल तर एलआयसी ४०५. क्लायंटने सेंटर सोडल्यावर फाईल ३ वर्षे ठेवायची.

६२५ हा फॉर्म प्रवेशाच्या दिवशी भरून विसरला जातो. आजोबा वर्षभरापूर्वी स्वतः जेवत होते, आता भरवावे लागते. आराखड्यात अजून ‘स्वतः जेवतात’. प्रकृतीत ठळक बदल झाला की आराखडा बदलायचा आणि कुटुंबाची सही घ्यायची.

एलआयसी ६०२ वरून एवढा गोंधळ का होतो?

तीन कारणे. पहिले, चुकीचा फॉर्म. ६०२ए हा ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांसाठी आहे आणि दवाखान्यात तोच हाताशी असतो. दुसरे, जुना फॉर्म: स्वीकारताना वैद्यकीय तपासणी एक वर्षाहून जुनी असता कामा नये. तिसरे आणि सर्वात महागात पडणारे, रिकामी चौकट. क्षयरोगाच्या चाचणीचा निकाल आणि ‘ॲम्ब्युलेटरी की नॉन-ॲम्ब्युलेटरी’ या दोन जागा डॉक्टर घाईत सोडून देतात. फॉर्म परत आला की आधी या दोन जागा पाहा, सही-शिक्का नंतर. रिकामी असेल तर दवाखान्याकडे परत पाठवा. स्वतः भरू नका. अक्षर आणि शाई लगेच ओळखू येते, आणि मग प्रश्न त्रुटीचा राहत नाही, खोट्या नोंदीचा होतो.

नॉन-ॲम्ब्युलेटरी म्हणजे व्हीलचेअरवाले ना?

एवढेच नाही. आणीबाणीत दुसऱ्याच्या मदतीशिवाय इमारतीबाहेर पडू न शकणारी प्रत्येक व्यक्ती यात येते. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर यांच्या आधारावर असलेली व्यक्ती यात येतेच. शिवाय धोक्याची घंटा ऐकून किंवा ‘बाहेर चला’ असे सांगूनही, विस्मरणामुळे वा मानसिक अवस्थेमुळे, जिच्याकडून प्रतिसादाची खात्री नाही तीही. म्हणजे तुरुतुरु चालणाऱ्या, पण डिमेन्शिया असलेल्या आजी या व्याख्येत बसू शकतात.

परवान्यावर एकूण क्षमता लिहिलेली असते आणि त्यातले नॉन-ॲम्ब्युलेटरी किती, हेही. हा दुसरा आकडा अग्निशमन दलाच्या मंजुरीवरून येतो, लायसन्सिंगच्या मर्जीवरून नाही. समजा परवाना ४० जणांचा आणि त्यात नॉन-ॲम्ब्युलेटरी १०. आज सेंटरमध्ये २८च लोक आहेत, पण वॉकर-व्हीलचेअरवाले १२. एकूण संख्या कमी असूनही हे उल्लंघन आहे, आणि तात्काळ दंडाच्या यादीतले.

हे कुणी मुद्दाम करत नाही. प्रवेशाच्या वेळी काठीशिवाय चालणारे तीन जण दोन वर्षांत वॉकरवर येतात आणि आकडा गुपचूप वाढतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: हजेरीच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे ‘ए’ किंवा ‘एन’ लिहा आणि रोज सकाळी ‘एन’ची बेरीज करा. बेरीज मर्यादेपेक्षा दोननेच कमी राहिली की वाढीव मंजुरीसाठी अर्ज करा. त्याची विनंती लायसन्सिंगमार्फत एसटीडी ८५० या फॉर्मवर अग्निशमन अधिकाऱ्याकडे जाते. दरवाजे, उतार, अलार्म यांत बदल सुचवले गेले तर महिने लागतात. मंजुरी हातात येईपर्यंत जादा व्यक्ती घेता येत नाही.

कर्मचाऱ्यांचं फिंगरप्रिंटिंग झालंय. मग सायटेशन का मिळालं?

कारण मंजुरी आहे, पण ती तुमच्या सेंटरशी जोडलेली नाही. हा घोळ वारंवार होतो. लाइव्ह स्कॅनवर (ठसे घेण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र) बोटांचे ठसे दिले, राज्याच्या न्याय विभागाची आणि एफबीआयची तपासणी झाली, क्लिअरन्स मिळाला. ही पहिली पायरी. दुसरी पायरी: ती व्यक्ती तुमच्या परवाना क्रमांकाखाली ‘असोसिएट’ झालेली हवी. आधी दुसऱ्या सेंटरवर काम करणाऱ्या बाईंचा क्लिअरन्स आपोआप तुमच्याकडे येत नाही. ही जोडणी आता ‘गार्डियन’ या ऑनलाइन प्रणालीतून होते. कामाचा पहिला दिवस या दोन्ही गोष्टींनंतरच.

दंड माणशी रोज १०० डॉलर, पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५ दिवसांचा. १२ महिन्यांत पुन्हा तेच झाले तर ३० दिवसांपर्यंत. म्हणजे न जोडलेल्या दोन कर्मचाऱ्यांचे पहिल्याच भेटीत १,००० डॉलर होऊ शकतात. ‘फक्त ट्रेनिंगला आली आहे’, ‘आमची नातेवाईकच आहे’ ही उत्तरे कामाला येत नाहीत. महिन्यातून एकदा गार्डियनमधली यादी छापून एलआयसी ५०० शेजारी ठेवा आणि नावे जुळवा. दहा मिनिटांचे काम आहे.

कर्मचाऱ्यांच्या फाईलमध्ये आणखी काय पाहतात?

एलआयसी ५०१ (नोकरीची माहिती), एलआयसी ५०८ (गुन्हेगारी नोंदीबाबतचे निवेदन), एलआयसी ५०३ (आरोग्य तपासणी), प्रशिक्षणाची नोंद, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि ज्येष्ठांच्या छळाबद्दल कळवणे बंधनकारक असल्याची सही केलेली पावती, एसओसी ३४१ए. आरोग्य तपासणी आणि क्षयरोग चाचणी नोकरी सुरू होण्याआधी एक वर्षाच्या आतली किंवा सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेली हवी.

भारतात लहानपणी बीसीजी (क्षयरोगाची लस) घेतलेल्यांची त्वचेवरची क्षयरोग चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर रक्ताची चाचणी किंवा छातीचा एक्स-रे करून संसर्गजन्य आजार नसल्याचे लिहून देतात. तो कागद फाईलमध्ये हवा. नुसते ‘मला बीसीजी दिलेली आहे’ हे पुरेसे नाही.

गरम पाण्याचं तापमान खरंच मोजतात?

थर्मामीटर खिशात घेऊनच येतात. क्लायंट वापरतात त्या नळाचे गरम पाणी १०५ ते १२० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान हवे, म्हणजे साधारण ४०.५ ते ४८.८ सेल्सिअस. वर गेले तर म्हाताऱ्या, पातळ झालेल्या त्वचेला भाजते, आणि मधुमेहात ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे त्यांना ते कळतही नाही. १२५ किंवा अधिक अंशांचे पाणी देणाऱ्या नळाला ठळक इशारा लावलेला हवा.

बिघडते ते असे. स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच हीटरवर असतात. भांडी तेलकट राहतात म्हणून कुणीतरी हीटरची कळ वाढवते आणि बाथरूममध्ये १३० अंश येते. किंवा उलट, हीटर दूर आहे, लांबच्या नळाला मिनिटभर थंडच पाणी येते आणि १०५ गाठत नाही. कायमचा उपाय म्हणजे बाथरूमच्या वाहिनीवर मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड पाणी मिसळणारी झडप) बसवणे. मोजताना हीटरला सर्वात जवळचा आणि सर्वात लांबचा असे दोन नळ निवडा, पाणी दोन मिनिटे वाहू द्या, पेल्यात धरून त्यात थर्मामीटर बुडवा. सकाळी लोक यायच्या आधी मोजा, कारण रात्रभर टाकीत साचलेले पाणी सर्वात तापलेले असते. आठवड्यातून एकदा तारीख, नळ, आकडा, सही. कमी-जास्त सापडले तर काय केले तेही लिहा. १२ महिने एकसारखा ‘११२’ लिहिलेला तक्ता कुणालाच खरा वाटत नाही.

खोलीचे तापमानही पाहतात: हीटिंग किमान ६८ अंश, कूलिंग ७८ ते ८५ च्या दरम्यान. फार तापणाऱ्या भागांत बाहेरच्यापेक्षा ३० अंश कमी असा हिशेब आहे.

स्वयंपाकघर आणि घरचा डबा यांचं काय?

नाशवंत अन्न झाकून, ४५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून थंड. फ्रिजमध्ये स्वतंत्र थर्मामीटर ठेवा, दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. साबण, फिनाइल, कीटकनाशक धान्याच्या कपाटात नको. डॉक्टरांनी पथ्य लिहून दिले असेल तर ते फाईलमध्येही आणि स्वयंपाकघरातही कळलेले हवे.

घरून येणाऱ्या वरण-भाताच्या, पोळी-भाजीच्या डब्यांवर नाव आणि तारीख लिहा, आल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका. दूध-दह्याचे पदार्थ व्हॅनमध्ये तासभर फिरून येत असतील तर कुटुंबाला बर्फाची पिशवी ठेवायला सांगा. मधुमेही आजोबांसाठी शेजारच्या आजींचा लाडू हा फाईलमध्ये न सापडणारा, पण रोजचा प्रश्न आहे. पथ्याची यादी वाढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवी.

औषधांत सर्वात जास्त काय चुकतं?

डबे आणि पुड्या. घरची माणसे काळजीने आठवड्याच्या खणांच्या डब्यात गोळ्या भरून देतात, किंवा दुपारची एक गोळी टिश्यूमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवतात. सेंटरने सांभाळायचे औषध फार्मसीच्या मूळ बाटलीतच, मूळ लेबलसह हवे. एका बाटलीतून दुसऱ्या डब्यात ओतायचे नाही, लेबलवर खाडाखोड करायची नाही. डॉक्टरांनी मात्रा बदलली असेल तर त्यांचा लेखी आदेश घ्या आणि फार्मसीकडून नवे लेबल आणा. बहुतेक फार्मसी विनंतीवरून ‘सेंटरसाठी’ वेगळी लेबल लावलेली बाटली देतात. कुटुंबाला प्रवेशाच्या दिवशीच हे सांगितले की नंतरची कटकट वाचते.

औषधे कुलुपात. प्रत्येकाची नोंद एलआयसी ६२२ वर: नाव, औषध, ताकद, संख्या, भरल्याची तारीख, प्रिस्क्रिप्शन क्रमांक, फार्मसी, सूचना. तपासनीस एखादी बाटली उचलून गोळ्या मोजतात आणि नोंदीशी ताडतात. आणलेल्या ३०, दिलेल्या १२, म्हणजे उरायला हव्यात १८. बाटलीत १९ निघाल्या तर एक दिवस गोळी न देता खूण केली गेली, असा अर्थ निघतो. गोळी तोंडात गेल्यावरच सही, आधी नाही. सकाळीच सगळ्यांच्या चौकटी भरून ठेवण्याची सवय या मोजणीत उघडी पडते.

‘गरज लागल्यास’ द्यायच्या औषधांना, साध्या क्रोसिन-टायलेनॉललाही, डॉक्टरांचे लेखी म्हणणे लागते: कधी, किती, दिवसातून किती वेळा. भारतातून आणलेले त्रिफळा चूर्ण, हिंग्वाष्टक, काढे यांनाही ही सूट नाही. बरणीवर देवनागरीत काही लिहिले आहे एवढ्याने तपासनिसाचे समाधान होणार नाही. अशा गोष्टी घरीच घ्यायला सांगाव्यात हा आमचा सल्ला.

प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक ड्रेसिंग, बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, थर्मामीटर, जंतुनाशक आणि प्रथमोपचाराचे चालू आवृत्तीचे पुस्तक. पुस्तक हमखास विसरते.

जागेच्या फेरीत आणखी काय दिसतं?

क्लायंटच्या हाताला लागेल असे ब्लीच किंवा जंतुनाशक हे सर्वात वरचे. सफाईची गाडी पाच मिनिटांसाठी कॉरिडॉरमध्ये सोडली तरी ‘हाताला लागेल’ असेच धरतात. बाहेर पडण्याच्या वाटेत रचलेल्या खुर्च्या किंवा व्हीलचेअर. जळालेला दिवा. सैल झालेला आधाराचा दांडा. अग्निशामक नळकांड्यावरचा वर्षभराहून जुना टॅग. क्लायंट भटकू नयेत म्हणून आतून लावलेली कडी हा तर फार मोठा प्रश्न आहे: दाराला आवाज देणारी घंटा लावणे वेगळे आणि दार बंद करून टाकणे वेगळे. दुसऱ्यासाठी अग्निशमन दलाची मंजुरी लागते.

गणपतीत समई किंवा दिवाळीत पणत्या लावायच्या असतील तर विजेच्या वापरा. उघड्या ज्योतीशेजारी ऑक्सिजनवरची व्यक्ती बसलेली असू शकते.

आपत्तीचा सराव किती वेळा करायचा?

किमान दर सहा महिन्यांनी, आणि नोंद किमान एक वर्ष ठेवायची. नोंदीत तारीख, वेळ, कसला सराव, हजर क्लायंट-कर्मचारी, बाहेर पडायला लागलेली मिनिटे आणि काय अडले ते लिहा. कॅलिफोर्नियात भूकंपाचा सराव वगळू नका. सरावात व्हीलचेअरवाल्यांना ‘बसू दे, कशाला त्रास’ म्हणून वगळले जाते. प्रत्यक्षात वेळ त्यांनाच लागणार असतो.

कोणती घटना कळवायची आणि कधीपर्यंत?

मृत्यू, उपचार घ्यावे लागले अशी इजा, छळाचा संशय, क्लायंट न सांगता निघून जाणे, साथीचा आजार, विषबाधा, आग. पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत फोन, आणि घटनेपासून ७ दिवसांच्या आत लेखी अहवाल एलआयसी ६२४ वर. छळाच्या संशयाची तक्रार एसओसी ३४१ वर स्वतंत्रपणे जाते. ६२४ पाठवले म्हणून ती टळत नाही.

पडण्याच्या घटनांत चूक होते. आजी पडल्या, ‘काही नाही झालं’ म्हणाल्या, संध्याकाळी मुलीने इमर्जन्सीत नेले. उपचार सेंटरबाहेर झाले तरी कळवायची जबाबदारी तुमचीच. पडलेल्या प्रत्येकाच्या घरी दुसऱ्या सकाळी फोन करा.

माझ्या आईला फक्त मराठी येतं. तपासनीस तिच्याशी कसे बोलणार?

क्लायंटशी एकांतात बोलण्याचा त्यांना अधिकार आहे आणि भाषेची अडचण आली तर फोनवरील दुभाष्याची सोय मागता येते. सेंटरच्या कर्मचाऱ्याने दुभाषा होऊ नये. ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्यानेच उत्तराचे भाषांतर करणे कुणालाच बरे दिसत नाही. प्रश्न साधे असतात: इथे कसे वाटते, जेवण मिळते का, कुणी ओरडते का, हवे तेव्हा बाथरूमला नेतात का. आधी पढवून ठेवू नका. पढवलेली उत्तरे एकसारखी येतात.

टाइप ए आणि टाइप बी त्रुटी म्हणजे काय?

क्लायंटच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा हक्कांना तात्काळ धोका असेल तर टाइप ए. पुढे धोका होऊ शकेल, अशी स्थिती म्हणजे टाइप बी. उघडे ब्लीच, १३५ अंशांचे पाणी, क्लिअरन्स नसलेला कर्मचारी ही टाइप एची उदाहरणे. सही राहिलेला ६२५ बहुधा बी. एची दुरुस्ती २४ तासांत किंवा त्याआधी, बीला सामान्यतः ३० दिवसांपर्यंत मुदत. किरकोळ गोष्टींवर सायटेशनऐवजी एलआयसी ९१०२ वर सल्ला लिहून देतात. तो दंडाचा कागद नसला तरी पुढच्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा दिसली तर सल्ल्यावर भागेल असे धरू नका.

सुधारणेचा आराखडा कसा लिहावा?

अहवाल एलआयसी ८०९ वर असतो, त्रुटी ८०९-डी वर. त्याच पानावर प्रत्येक त्रुटीसमोर तुम्ही काय करणार ते येते. ‘यापुढे काळजी घेऊ’ हा आराखडा नाही. चार गोष्टी हव्यात: आज काय केले, कुणी जबाबदार, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले, पुरावा कोणता आणि कधीपर्यंत. उदाहरणार्थ: ‘ब्लीच आजच कुलूपबंद कपाटात हलवले. किल्ली शिफ्ट प्रमुखाकडे. सर्व कर्मचाऱ्यांना शुक्रवारपर्यंत प्रशिक्षण. सह्यांची यादी आणि कपाटाचा फोटो त्याच दिवशी पाठवू.’

झेपेल तेच लिहा. ‘रोज तीन वेळा तपासू’ असे उत्साहात लिहिले की पुढच्या भेटीत तीन वेळांच्या नोंदी मागितल्या जातात. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधी लेखी विनंती करा.

दंड किती बसतो?

गंभीर बाबींवर तात्काळ ५०० डॉलर आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज १०० डॉलर. या यादीत अग्निशमन मंजुरीचे उल्लंघन (क्षमतेपेक्षा जास्त लोक, नॉन-ॲम्ब्युलेटरीचा आकडा ओलांडणे, बंद पडलेला स्मोक अलार्म), देखरेखीचा अभाव, प्रवेश नाकारणे अशा गोष्टी येतात. १२ महिन्यांत पुन्हा घडले तर १,००० डॉलर आणि पुढे रोज १००. क्लायंटला गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर हिशेब याहून बराच वेगळा आणि मोठा असतो.

अहवाल पटला नाही तर सही करावी का?

करावी. सही म्हणजे अहवाल मिळाला आणि अपिलाचे हक्क समजले, एवढेच. मान्य आहे असा अर्थ नाही. वस्तुस्थिती चुकली असेल तर समारोपाच्या चर्चेतच शांतपणे कागद दाखवा, तिथल्या तिथे दुरुस्ती होऊ शकते. नंतर १५ कामकाजाच्या दिवसांत लेखी फेरविचार मागता येतो. अपिलाच्या हक्कांचा कागद एलआयसी ९०५८ अहवालासोबत मिळतो. अपील केले म्हणून दुरुस्ती थांबवू नका. ‘आम्ही चांगली सेवा देतो’ या मजकुराने अपील टिकत नाही. कलम, तारीख आणि पुरावा लागतो.

नियम आमच्या जागेला बसतच नसेल तर?

सवलत मागता येते. एका क्लायंटपुरती असेल तर ‘एक्सेप्शन’, पूर्ण सेंटरसाठी असेल तर ‘वेव्हर’. दोन्ही आधी लेखी मंजूर व्हायला हवेत. मागच्या तपासनिसाने तोंडी ‘चालेल’ म्हटले होते, हे पुढच्याला बांधील नाही.

मागच्याच महिन्यात रिजनल सेंटरचे लोक येऊन गेले. आता पुन्हा?

बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्व असलेल्या क्लायंटसाठी पैसे देणारी २१ रिजनल सेंटर्स राज्यात आहेत. ती त्यांच्या सेवेची पाहणी करतात, परवान्याची नाही. कर्मचाऱ्यांचे प्रमाण त्यांनी जास्त ठरवले असेल तर तेही पाळावे लागते. एकाचा चांगला शेरा दुसऱ्याला दाखवून उपयोग नाही, फाईल मात्र एकच ठेवा.

आई-वडिलांसाठी सेंटर निवडतोय. अहवाल कुठे वाचायचा?

लायसन्सिंगच्या संकेतस्थळावर सेंटरचे नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की भेटींचे अहवाल दिसतात. त्यात क्लायंटची नावे नसतात. ती एलआयसी ८११ या गोपनीय यादीत असतात, म्हणून अहवालात ‘क्लायंट १’, ‘स्टाफ २’ असे वाचायला मिळते. सायटेशनची नुसती संख्या मोजू नका. एकच टाइप ए पुन्हा पुन्हा येतेय का, दुरुस्ती मुदतीत झाली का, तक्रारीचा निष्कर्ष काय निघाला, हे पाहा. दहा वर्षांत एकही सायटेशन नसलेल्या सेंटरलाही दुपारी अडीच वाजता न कळवता भेट द्या. जेवणानंतरची ही वेळ सर्वात सुस्त असते आणि देखरेख तेव्हाच कळते.

तक्रार करायची असेल तर राज्याचा क्रमांक १-८४४-५३८-८७६६. नाव गुप्त ठेवायला सांगता येते. तारीख, वेळ आणि काय पाहिले ते हाताशी लिहून ठेवा. ‘नीट बघत नाहीत’ यावरून तपास करता येत नाही, ‘मंगळवारी बारा ते एक हॉलमध्ये एकही कर्मचारी नव्हता’ यावरून करता येतो.